कपडे वाळत घालायची रीत

वानाद्झोरला, चौथ्या मजल्यावर,
खिडकीतून एक दोरी निघते,
समोरच्या खांबावरल्या चाकाला वळसा घालून
परत खिडकीत येते.
खाली अक्रोडाचं झाड, चाकं नसलेली एक लाडा गाडी,
आणि बाकावर नार्दीचा पट मांडून बसलेले दोन म्हातारे.

पहिल्या रविवारी हाताला येतील तसे घातले मी कपडे.
मोजा, टॉवेल, पुन्हा मोजा,
पोलंडहून आलेल्या यागोदाचा लाल स्वेटर, उलटी जीन्स.
दोरी ओढली. चाक कुरकुरलं.
म्हाताऱ्यांनी फासे हातातच धरले.

संध्याकाळी येऊन बघते
तर कुणीतरी सगळं पुन्हा लावलेलं.
चादर, टॉवेल, कुडते,
मोठ्याकडून लहानाकडे उतरत,
मोजे जोडीजोडीनं, बोटं खाली,
आणि आतले कपडे चादरीआड.

शेजारच्या हेरिकनाझबाई.
झाडूच्या दांड्यानं ओढून घेतली होती माझी दोरी.
दारात उभ्या राहून एकच शब्द बोलल्या: आमोत.
माझ्याकडे तेव्हा चाळीस शब्द होते,
त्यातले अकरा खायचे.
हा नव्हता. पण चेहऱ्यावरून कळला.
लाज.
अब्रू वेशीवर टांगणं आपण नुसतं म्हणतो.
इथे ती रोज सकाळी खरंच टांगतात,
म्हणून नीट टांगतात.

मग कॉफी. फेस मोडला तर दुसरी.
कप उपडा करून, गाळ वाचून म्हणाल्या, रस्ता आहे.
यागोदाच्या कपातही रस्ता.
खालच्या म्हाताऱ्यांच्याही.
त्यांचा भाऊ नऊ वर्षं सारातोवमध्ये इमारती बांधतोय,
त्याचा मुलगा गेघाम ह्यांच्याकडे.

गेघाम आमच्या वर्गातला.
बंद पडलेल्या विणकाम कारखान्याच्या तळघरात
बारा मुलं, एक विजेची शेगडी,
आणि माझ्या हातात एक कागद:
«युवकांमध्ये आत्मविश्वास निर्माण करणे.»
तो त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त होता.
त्यांनी मला ख आणि ग यांच्या मधलं
घशातलं एक अक्षर दिलं.
मी गुळण्या केल्यासारखी बोलायचे, ती बाकावरून पडायची.
मी त्यांना ळ दिला.
केळं. बाळ. आभाळ.
तातेविक ल वर अडली, वारुझान ड वर.
गेघामला तिसऱ्या दिवशी आला,
जीभ मागे वळली आणि तिथेच राहिली.
त्यानंतर रोज अंगणातून ओरडायचा, वर बघत:
वाळलं का?
त्याला एवढंच मराठी हवं होतं.
मी वरून: नाही अजून!
म्हातारेही मान हलवायचे,
जसं काही त्यांनाही कळत होतं.

ऑक्टोबरात आम्ही बसथांबा रंगवला.
निळा कमी पडला, म्हणून अर्धा हिरवा.
वारुझाननं कोपऱ्यात ळ काढला.
एक बाई बसची वाट बघत म्हणाली, हा कुठला प्राणी?

जानेवारीत गेघाम अठरा वर्षांचा झाला.
केस कापलेला, कान अचानक मोठे,
गाडीच्या काचेवर हात.
हेरिकनाझबाई रडल्या नाहीत. त्यांनी लवाश बांधून दिला,
घरी आल्या, आणि त्याचे सगळे शर्ट,
धुतलेलेसुद्धा, पुन्हा धुतले.

त्यानंतर त्यांच्या दोरीवर
चादर आणि त्यांच्या झग्याच्या मधे
एक शर्टभर जागा रिकामी असते.
दोन चिमटे तिथे नुसते लावलेले.
मी विचारलं नाही. आता माझ्याकडे
तीनशेच्या वर शब्द आहेत, तरी नाही.

काल रविवार. उणे चौदा.
कपडे दोरीवर फळीसारखे,
माझा कुडता हात पसरून कडक उभा.
भिंतीवर तीन ठोके पडले,
मग दारात हेरिकनाझबाई, हातात फोन.
माझ्यापुढे धरला. घे.
पलीकडे वारा. कुणीतरी दूर ओरडतंय, बूट वाजतायत.
मग तो, घाईत, हळू आवाजात:
वाळलं का?

मी खिडकीबाहेर बघितलं.
नाही, म्हटलं. नाही अजून.